चार वॅटला वाटेल तो स्पीकर चालत नाही

मा. संपादक यांस,
सप्रेम नमस्कार.

पंधरा दिवसांपूर्वी आपल्या रविवार पुरवणीत व्हॉल्व्ह अँप्लिफायरवर पानभर लेख आला. हौसेनं लिहिलेला होता. अंधारात लालसर चमकणाऱ्या व्हॉल्व्हचे फोटो बघून मला आमच्या सांगलीच्या गावभागातल्या ओसरीची आठवण झाली. (व्हॉल्व्ह म्हणजे ट्रान्झिस्टर येण्याआधी रेडिओत आवाज मोठा करायची ती काचेची नळी. हल्लीची मुलं त्यांना ट्यूब म्हणतात. आमच्या घरात ट्यूब म्हणजे छताखालचा दिवा.) पण लेखातल्या एका विधानाखाली मी पेन्सिलीनं रेघ ओढून ठेवली आहे. दहा बाय बाराच्या खोलीला चार वॅट भरपूर होतात, स्पीकर कोणताही लावा, असं त्यात म्हटलं आहे. यातला पहिला भाग खरा आहे. दुसऱ्यानं मला दोन वर्षं छळलं. मी छत्तीस वर्षं सांगलीत फिजिक्स शिकवलं. चूक दिसली की गप्प राहवत नाही, आणि थोडक्यात सांगणं तर कधीच जमलं नाही. कात्री आपल्या हातात आहे.

आमचा अँप्लिफायर आमच्या यांनी १९८१ साली घरी बांधला. हे दिवसा कारखान्यात इलेक्ट्रिकलला, आणि संध्याकाळी ओसरीवर लोकांचे रेडिओ उघडून बसलेले. स्पीकर चालवायला प्रत्येक बाजूला ईएल८४ नावाचा एकेक व्हॉल्व्ह, त्याच्या आधी एक ईसीसी८३, आणि एसीचा डीसी करायला, म्हणजे रेक्टिफायरला, ईझेड८१. ईएल८४ आणि ईसीसी८३ बेंगळुरूच्या भारत इलेक्ट्रॉनिक्सचे, तेव्हा रेडिओच्या दुकानात साबणाच्या वडीसारखे मिळायचे. व्हॉल्व्ह आणि स्पीकर यांच्यामधला आउटपुट ट्रान्सफॉर्मर मात्र विकतचा नाही. मोटार रिवाइंडिंग करणाऱ्या मित्राकडं सलग तीन रविवार बसून यांनी स्वतः गुंडाळला. एकाच व्हॉल्व्हवर चालणाऱ्या जोडणीत प्रायमरीतून, म्हणजे व्हॉल्व्हकडच्या गुंडाळीतून, सतत डीसी करंट वाहतो, म्हणून ट्रान्सफॉर्मरचे पत्रे नेहमीसारखे उलटसुलट घालून चालत नाही. सगळे ‘ई’ आकाराचे पत्रे एकीकडं, सगळे ‘आय’ आकाराचे दुसरीकडं, आणि मधे कागदाची फट ठेवावी लागते, नाहीतर लोखंड चुंबकत्वानं तुडुंब भरतं आणि खालचे सूर जातात. तो कागद माझ्या विद्यार्थिनींच्या जर्नलच्या मुखपृष्ठाचा होता. कुणाच्या, ते यांनी शेवटपर्यंत सांगितलं नाही.

ईएल८४ च्या डेटाशीटवर एका व्हॉल्व्हचे ५.७ वॅट छापलेले असतात, पण ते दहा टक्के डिस्टॉर्शन, म्हणजे सुराची मोडतोड, धरून. कानाला सोसणारे चारच. त्या चार वॅटवर आमचं माजघर वीस-पंचवीस माणसांना पुरेल इतकं वाजायचं, कारण पुढं दहा इंची कागदी कोनाचे स्पीकर होते, कमरेइतक्या सागवानी पेट्यांत. तेव्हा मला यात विशेष काही वाटलं नव्हतं. अँप यांचा, कौतुकही अँपचं, आणि पेट्यांवर मी कुंड्या ठेवायची.

हे २०१६ मध्ये गेले. ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णेच्या पुरात आयर्विन पुलाजवळ पाणी ५७ फुटांच्या वर चढलं, तेव्हा मी आणि शेजारच्या मुलानं अँप उचलून माडीवर नेला. पेट्या जड, त्या खाली राहिल्या. पाणी ओसरल्यावर कोन हातात लगद्यासारखे आले, लाकडाचे सांधे उकलले होते, आणि चिखलात लोहचुंबक तेवढे शाबूत. पुढं मी विश्रामबागेत फ्लॅटवर आले. गाण्याची खोली दहा बाय बाराची.

पुण्याहून मुलानं नवे स्पीकर आणले. देखणे, अरुंद, पुस्तकांच्या कप्प्यात मावतील असे. आईसाठी म्हणून त्यानं चांगले पैसे घातले होते, म्हणून पहिला महिनाभर मी काही बोलले नाही. तानपुरा बरा वाजायचा. विलंबितही चालायचं. पण द्रुत सुरू झालं आणि तबलजीनं बायाँवर, म्हणजे डग्ग्यावर, हात दाबला की आवाज फाटायचा, आणि प्रत्येक गाणाऱ्या बाईला सर्दी झाल्यासारखं ऐकू यायचं. मुलगा म्हणाला, अँपमध्ये दम नाही, बाबांचा अँप शोकेसमध्ये ठेवू. ज्या दुकानातून स्पीकर आणले तिथल्या गृहस्थांनी फोनवरच चाळीस वॅटचा, चार ईएल३४ व्हॉल्व्हचा नवा अँप सुचवला. किंमत ऐकून मी फोन ठेवला आणि कपाटातून मीटर काढला.

आता जे सांगते ते नवा अँप घ्यायला निघालेल्या प्रत्येकानं आधी स्वयंपाकघराच्या ओट्यावर करून बघावं. मोजायचा आहे तो स्पीकर विजेला करतो तो अडथळा, त्याचं माप ओहम, आणि तो सुरागणिक बदलतो. मोबाइलवर पाहिजे त्या हर्ट्झचा सूर देणारी अ‍ॅप असतात. तो सूर छोट्या ट्रान्झिस्टर अँपला द्यायचा, अँप आणि स्पीकर यांच्यामध्ये एक हजार ओहमचा रेझिस्टर घालायचा, आणि स्पीकरच्या टोकांवर किती मिलिव्होल्ट येतात ते मोजायचं. आधी स्पीकरच्या जागी दहा ओहमचा रेझिस्टर लावून आकडा टिपायचा, म्हणजे पुढचे सगळे आकडे त्रैराशिकानं ओहममध्ये येतात. साधा मीटर चार-पाचशे हर्ट्झच्या वर खोटं बोलू लागतो. माझ्याकडं यांचा जुना एसी मिलिव्होल्टमीटर होता, तो वरही खरं सांगतो. दीड तासात आलेख तयार झाला. बारावीच्या मुलींकडून करून घ्यावा असा प्रयोग आहे.

स्पीकरवर ४ ओहम लिहिलेलं होतं. ७० हर्ट्झला तो २८ ओहम निघाला, २०० च्या सुमाराला ३.४ वर उतरला आणि दोन हजाराच्या आसपास पुन्हा १८ वर चढला. स्पीकरवर लिहिलेला ओहमचा आकडा म्हणजे गावाच्या पाटीवरची लोकसंख्या. एक अंदाज येतो, इतकंच.

ट्रान्झिस्टरच्या अँपला या चढउताराशी देणंघेणं नसतं. त्याचा स्वतःचा आतला अडथळा ओहमच्या लहानशा अंशाइतका असतो. समोर ३ असोत वा ३०, तो ठरलेले व्होल्ट देतो. व्हॉल्व्हच्या साध्या अँपचं तसं नाही. यांनी फीडबॅक (बाहेरच्या आवाजाचा थोडा भाग मागं फिरवून चूक सुधारण्याची सोय) मुद्दामच कमी ठेवलेला. अँपच्या मागं ४ आणि ८ ओहमच्या स्पीकरसाठी वेगळी टोकं आहेत. त्यातल्या ८ ओहमच्या टोकावर आमच्या अँपचा अडथळा ३ ओहम भरला. मग व्होल्ट दोघांत वाटले जातात. जिथं स्पीकर ३.४ ओहमचा आहे तिथं त्याच्या वाट्याला साधारण निम्मे येतात, आणि जिथं तो २८ आहे तिथं नऊ दशांश. फरक साडेचार डेसिबलहून थोडा अधिक. दोन हजारवरही चार डेसिबल फुगवटा. सर्दीचं कारण सापडलं. गाणाऱ्या बाईचं नाक आणि बायाँची घुमक दोन्ही आलेखावर डोंगरासारखे उभे होते.

मुलानं स्पीकर ८ ओहमच्या टोकाला जोडले होते, कारण तिथं आवाज मोठा येतो असं त्याला कुणीतरी सांगितलं होतं. ट्रान्सफॉर्मर हा नुसता दरवाजा नव्हे, तो गुणाकार करतो. यांनी फेऱ्यांचं प्रमाण साधारण २५ ला १ ठेवलं होतं. प्रमाणाचा वर्ग धरला की ८ ओहमचे व्हॉल्व्हला ५,२०० च्या आसपास दिसतात, आणि ईएल८४ ला तेवढेच हवे असतात. तिथं ३.४ ओहम लावले की व्हॉल्व्हला २,२०० दिसतात. बैलाला चढावर जास्तीची पोती लादल्यासारखं होतं. करंट मागतो, व्होल्ट पडतात, आवाज फाटतो. मी वायर काढून ४ च्या टोकावर लावली. तिथं अँपचा स्वतःचा अडथळाही निम्मा, दीड ओहम. डोंगर साडेचारावरून पावणेतीनवर आला. सर्दी बरीच कमी झाली. खर्च शून्य. ज्यांच्याकडं ४ आणि ८ अशी दोन टोकं आहेत त्यांनी हे आजच करून बघावं, आणि छापलेल्या आकड्याकडं न बघता कानाला बरं वाटेल ते टोक ठेवावं. बिघडत काही नाही. फक्त वायर हलवण्यापूर्वी अँप बंद करावा.

फाटणं मात्र राहिलंच. त्याची गोम दुसऱ्या आकड्यात होती. एक वॅट दिला तर एक मीटरवर किती आवाज, तो डेसिबलचा आकडा स्पीकरबरोबरच्या कागदावर असतो, त्याला सेन्सिटिव्हिटी म्हणतात. या स्पीकरचा ८५. बरा वाटतो. पण शेजारी बारीक अक्षरांत २.८३ व्होल्ट असं होतं. २.८३ व्होल्ट म्हणजे ८ ओहमच्या स्पीकरला बरोबर एक वॅट, आणि ४ ओहमच्या स्पीकरला दोन. म्हणजे परीक्षेत मुलाला दुप्पट वेळ देऊन गुण सांगितल्यासारखं. दुप्पट वॅटला ३ डेसिबल, ते वजा केले की उरले ८२.

८२ चा अर्थ माझ्या खोलीत काय? मी आठ फुटांवर बसते. अंतर, दोन स्पीकर, भिंतींची मदत हे सगळं धरलं तर एक वॅटला माझ्या कानाशी ८० डेसिबलच्या आसपास पोचतात. मी ऐकते ते सरासरी ७० वर, म्हणजे शेजारच्या वहिनींना पत्ता लागू नये इतकं. त्याला वॅटचा दहावा भाग पुरतो. लेख इथपर्यंत बरोबर आहे. पण गाणं सरासरीवर थांबत नाही. तबल्याची थाप सरासरीच्या वर पंधरा-वीस डेसिबल उसळते, आणि वीस डेसिबल म्हणजे शंभरपट. दहाव्या भागाचे दहा वॅट झाले. घरात आहेत चार. फाटणार नाही तर काय होईल?

९४ डेसिबलचा, खरोखरीच्या ८ ओहमचा स्पीकर लावला तर फरक १२ डेसिबलचा, म्हणजे सोळापट. तीच थाप पाऊण वॅटच्या आत बसते. दुकानदाराच्या चाळीस वॅटनं मला दहापट ताकद मिळाली असती, तीही स्पीकरच्या कितीतरी पट पैशात. पूर्वी जत्रेत मंडपवाल्याचा तीसेक वॅटचा व्हॉल्व्हचा अँप असायचा आणि त्यावर अख्ख्या गावाला नाटकाची पदं ऐकू जायची, ती कर्ण्यांची करामत. कर्ण्याची सेन्सिटिव्हिटी शंभराच्या वर असते. पदं पत्र्यावर वाजवल्यासारखी यायची, ती गोष्ट वेगळी.

एक अपवाद सांगायला हवा, नाहीतर कुणीतरी उलटं पत्र पाठवील. बीबीसीनं १९७० च्या दशकात बाहेरून प्रक्षेपण करणाऱ्या गाडीत बसवायला एलएस३/५ए नावाचा बुटका स्पीकर केला. त्याचा आकडा जेमतेम ८२-८३. तरी लहान खोलीत व्हॉल्व्हबरोबर तो लावणारे लोक जगभर आहेत, आणि ते बहिरे नाहीत. कारण तो मुळात १५ ओहमचा, नंतर ११ चा झाला. ट्रान्सफॉर्मरला १६ चं टोक असेल तर व्हॉल्व्हला तो जड जात नाही. पण ते लोक त्याला पंधरा-वीस वॅट देतात. आमच्या चारांवर तोही धापा टाकेल. म्हणजे नुसता डेसिबल बघूनही भागत नाही, ओहमची चालही बघावी लागते.

मग मी जुन्या स्पीकरच्या शोधात मिरजेला एका भंगारवाल्याकडं गेले. रेडिओतले कागदी कोनाचे स्पीकर हलके आणि लांब घशाचे, थोड्या वॅटमध्ये मोठ्यानं बोलणारे. आठ इंची फिलिप्सची सुबक जोडी मिळाली. मी मीटर लावला. आकडा शेकड्यात! १९५० च्या दशकाच्या उत्तरार्धापासून काही वर्षं फिलिप्सनं आउटपुट ट्रान्सफॉर्मर नसलेले रेडिओ काढले होते, त्यांचे स्पीकर ८०० ओहमचे असत. आपल्या अँपवर ते कुजबुजतील, आणि वर ट्रान्सफॉर्मरला धोका. भंगारवाला म्हणाला, बाई, स्पीकर तर सेमच दिसतोय. दिसतो सारखाच. जुना स्पीकर घ्यायला जाताना पिशवीत मीटर असू द्यावा.

शेवटी नवेच आठ इंची वाइडरेंज घेतले. एकच कोन, मधे छोटा दुसरा कोन चिकटवलेला, ९४ डेसिबल, ८ ओहम. वरचे आणि खालचे सूर वेगळ्या कोनांना वाटून देणारा क्रॉसओव्हर नाही, त्यामुळं दोन हजारचा डोंगरच नाही. सर्वांत खाली ७ ओहम, आणि पेटीत बसवल्यावर ७५ हर्ट्झला ४० चं एक शिखर. ८ च्या टोकावरही अडीच डेसिबलचाच फुगवटा, तोही खालच्या अंगाला, जिथं एरवी वाइडरेंज जरा हात आखडता घेतो. थोडं फुगलेलं बरंच. पेट्या आमच्याच भागातल्या सुतारानं केल्या, अठरा मिलिमीटर प्लाय, आत पंचेचाळीस लिटर जागा, सगळीकडून बंद, आणि आतून जुन्या गादीचा पिंजलेला कापूस. तो तीनदा विचारत होता, यात कप्पा कुठं करायचा? नुसतं खोकं त्याला पटेना.

या स्पीकरचे दोषही सांगते. झांजेची किणकिण वर जाऊन विरते, पूर्ण पोचत नाही. सनई मोठ्यानं लावली तर टोचते. सिनेमाच्या पार्श्वसंगीतासाठी कुणी हे घेऊ नयेत. पण माणसाचा गळा, सारंगी, तंबोरा, बोलतानेतली अक्षरं! अब्दुल करीम खाँसाहेबांच्या ७८ गतीच्या तबकड्यांची ध्वनिमुद्रणं मी कॉलेजात असल्यापासून ऐकते आहे. त्यांतला श्वास मला विश्रामबागेत पहिल्यांदा ऐकू आला.

खोलीचं प्रकरण अजून बाकी होतं, आणि त्यात मी स्वतः चुकले. कोपऱ्यात ठेवला की भिंती आणि जमीन खालच्या सुरांना आधार देतात, म्हणून मी दोन्ही पेट्या दहा फुटी भिंतीच्या दोन कोपऱ्यांत सारल्या. भरदारपणा आला. पण एक सूर खोलीभर घोंघावायला लागला आणि लोखंडी कपाटाचं दार साथीला थरथरू लागलं. सूर ओळखीचा होता. माझा तानपुरा काळी पाच पट्टीचा, १९७४ मध्ये मिरजेत घेतलेला. त्याची खर्जाची तार सुमारे ११६ हर्ट्झची. हा तोच सूर.

ध्वनी सेकंदाला सुमारे ११३० फूट जातो. दहा फुटांच्या दोन भिंतींत पूर्ण लाट मावते ती ११३ हर्ट्झची. आमचं छत साडेनऊ फुटांवर, तिथं मावते ती ११९ ची. माझा खर्ज दोहोंच्या मधोमध. वास्तुशास्त्राच्या कुठल्याही पुस्तकात हा दोष सांगितलेला नाही. दोष स्पीकरचा की खोलीचा, हे ठरवायला मी तानपुरा गवसणीतून काढला आणि माझ्या खुर्चीच्या जागी बसून नुसता खर्ज छेडला. कपाट थरथरलं. स्पीकर निर्दोष सुटले.

उपाय कागदावर निघाला. पूर्ण लाटेला भिंतींशी आणि खोलीच्या मध्यावर दाब सर्वांत जास्त, आणि दोन्हीकडून चौथ्या हिश्श्यावर, म्हणजे भिंतीपासून अडीच फुटांवर, शून्य. जिथं दाब शून्य तिथं ठेवलेला स्पीकर ती लाट उठवूच शकत नाही. पेट्यांची पाठ मागच्या भिंतीलाच राहू दिली, पण त्या कोपऱ्यातून काढून बाजूच्या भिंतींपासून अडीच-अडीच फुटांवर आणल्या. दोघींत पाच फूट राहिले. घोंघाट अर्ध्याहून कमी झाला. उरलेला छताचा होता. त्यासाठी कोन जमिनीपासून चौथ्या हिश्श्यावर, जवळजवळ अडीच फुटांवर हवा. आमच्या जेवणघरातल्या जुन्या स्टुलांवर पेट्या ठेवल्या तर तो नेमका तेवढ्यावर येत होता. हे मी हिशेब करून केलं असं सांगायला आवडलं असतं. स्टुलं रिकामी होती, म्हणून ठेवली. कपाटाच्या दारात घडी केलेला आपलाच अंक खोचला आहे. पुरवणी नव्हे, मुख्य अंक.

गेल्या श्रावणात तानपुरा जवारीसाठी, म्हणजे घोडी घासून झंकार खुलवून घ्यायला, मिरजेला नेला होता. मी खर्जाची तार थोडी जाड घातलेली. कारागीर घोडीवर कानस फिरवता फिरवता म्हणाले, ताई, तार बदललीत ना, मग घोडी तिच्या मापानं परत बसवायला लागणार. भोपळा कितीबी मोठा असू दे, तार घोडीवर नीट टेकली नाही तर मुका. मी त्यांना ओहमचा आलेख सांगणार होते. मग म्हटलं, यांना काय सांगायचं राहिलंय.

आता दोन गोष्टी आपल्या वाचकांच्या जिवाच्या, त्या जरूर छापाव्यात. लेखाबरोबरच्या एका फोटोत अँप चालू आहे आणि मागं स्पीकरची वायर लावलेली दिसत नाही. फोटोसाठी काढली असेल. पण व्हॉल्व्हचा अँप स्पीकर न लावता चालू करायचा नसतो. आत गाणं गेलं आणि बाहेर घ्यायला कुणी नसलं, की ट्रान्सफॉर्मरच्या प्रायमरीवर नेहमीच्या कितीतरी पट व्होल्टेज उसळतं, आतल्या तारांचं इन्सुलेशन फुटतं. ट्रान्झिस्टर अँप मोकळा ठेवला तर काही होत नाही, म्हणून नव्या मुलांच्या हे लक्षात राहत नाही. तीन रविवार बसून गुंडाळलेला ट्रान्सफॉर्मर तीन सेकंदांत जातो, आणि आता तसा गुंडाळून देणारा सांगलीत मला एकही ठाऊक नाही.

दुसरं, लेखात अँप उघडून धूळ पुसायला सांगितली आहे. आत अडीचशे-तीनशे व्होल्ट डीसी असतं, आणि प्लग काढल्यावरही कपॅसिटरमध्ये ते बराच वेळ दबा धरून राहतं. यांच्या उजव्या तर्जनीवर त्याची खूण होती. झाकण लावूनच बाहेरून मऊ कुंचला फिरवावा, तोही अँप थंड झाल्यावर. चार वॅटच्या गाण्यासाठी हा अँप भिंतीतून पन्नास-साठ वॅट खातो, बाकीची सगळी उष्णता. मे महिन्यात मी त्यावर फक्त सकाळचं रेडिओवरचं गाणं ऐकते, अकराच्या आत बंद.

मुलाचे स्पीकर वाईट आहेत असा कुणी अर्थ काढू नये. गणपतीत तो आला तेव्हा त्याच्या ट्रान्झिस्टर अँपवर लावून बघितले. तबला स्वच्छ, झांजा स्वच्छ, सर्दीचं नाव नाही. दिवाळीला येईल तेव्हा ते परत पुण्याला घेऊन जाणार आहे. पुरातून उरलेली दोन लोहचुंबकं मात्र त्यानं मागितली तरी दिली नाहीत. ती खिडकीत आहेत, वर्तमानपत्र उडू नये म्हणून.

कळावे,
आपली नियमित वाचक,
एक निवृत्त प्राध्यापिका,
विश्रामबाग, सांगली